दप्तराची किल्ली कुणाच्या हाती?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



१८८३ साली कार्ल मार्क्सचे निधन झाले, तेव्हा ‘भांडवल’ या ग्रंथाचा पहिलाच खंड काय तो छापून झालेला होता. पुढील खंडांची हस्तलिखिते गठ्ठ्यांच्या रूपाने मागे राहिली होती. एंगल्सने त्यांतून दुसरा खंड १८८५ मध्ये व तिसरा १८९४ मध्ये सिद्ध केला, ही हकीकत बहुतेक कार्यकर्त्यांना ठाऊक असते. त्यामागची एक अडचण मात्र फारशी सांगितली जात नाही. मार्क्सचे अक्षर अतिशय दुर्बोध होते. शब्द तोडून, आखडून लिहिण्याची त्याची सवय होती. त्याच्या निकटची माणसे सोडली, तर ते अक्षर सुरळीत वाचणारे कुणी उरले नव्हते. म्हणून १८८९ मध्ये, सत्तरीला टेकलेल्या आणि डोळ्यांच्या विकाराने त्रस्त झालेल्या एंगल्सने कौट्स्की व बर्नस्टाइन या दोन तरुण सहकाऱ्यांना ते अक्षर वाचायला शिकवण्याचे काम हाती घेतले. आपल्यामागे हे कागद राहतील, पण वाचणारा राहणार नाही, ही त्याची चिंता होती. कौट्स्कीने पुढे १९०५ ते १९१० या काळात ‘वरकड मूल्याचे सिद्धांत’ प्रसिद्ध केले, त्याचे मूळ या शिकवणीत आहे.

या हकीकतीतून निघणारा बोध साधा आहे. कागद टिकणे ही एक गोष्ट आणि तो वाचता येणे ही दुसरी. दप्तर जपणे म्हणजे या दोन्ही गोष्टी जपणे होय.

महाराष्ट्राला याचा अनुभव नवा नाही. पुण्याच्या पेशवे दप्तरातील रुमालांत बांधलेले कोट्यवधी कागद आजही सुस्थितीत आहेत. हातकागद आणि काळी शाई यांनी दोन-दोन शतके तग धरला आहे. पण ते मोडीत आहेत. विसाव्या शतकाच्या मध्यास मोडी शाळेतून आणि सरकारी व्यवहारातून गेली, आणि एका पिढीच्या अवधीत हे सारे भांडार सामान्य मराठी माणसाला मुके झाले. २०२३ मध्ये कुणबी नोंदींच्या शोधासाठी राज्य सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली, तेव्हा जिल्ह्याजिल्ह्यांतील जुनी दप्तरे उघडावी लागली आणि मोडी वाचणाऱ्यांचा शोध घ्यावा लागला. आरक्षणाच्या त्या प्रश्नावर कुणाचे मत काहीही असो. शंभर वर्षांपूर्वीची एक ओळ वाचणारा मिळतो की नाही, यावर एखाद्या कुटुंबाचा दाखला अवलंबून राहू शकतो, एवढे त्यातून सर्वांना दिसले. तरीही मोडी ही खुली लिपी आहे. ती कुणाच्या मालकीची नाही. परिश्रम करणारा कोणीही ती शिकू शकतो. या मुद्द्याकडे पुढे पुन्हा यावयाचे आहे.

दप्तराचा प्रश्न हा संशोधकांचा छंद आहे, चळवळीला त्याचे काय, असे पुष्कळ कार्यकर्त्यांना वाटते. हा समज घातक आहे. कूळकायद्याच्या लढाईत कूळ हरले, ते अनेकदा कसत नव्हते म्हणून नव्हे, तर कसत असल्याचा कागद त्याच्यापाशी नव्हता म्हणून. मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झाला. संप विरला, गिरण्या बंद पडत गेल्या, गिरण्यांच्या जमिनींवर मनोरे उभे राहिले. पुढे गिरणी कामगारांसाठी घरांची योजना आली, तेव्हा १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर गिरणीत नोकरीस असल्याचा पुरावा कामगाराकडे मागण्यात आला. ओळखपत्र, तिकीट नंबर, हजेरीपत्रक, पगाराची चिठ्ठी, राज्य कामगार विम्याचा क्रमांक यांपैकी काही तरी हवे होते. ज्याच्या घरी पत्र्याच्या पेटीत तो कागद राहिला, तो अर्जदार ठरला. ज्याचा कागद पावसात भिजला, त्याने अर्धे आयुष्य साच्यावर काढलेले असूनही तो सिद्ध करू शकला नाही.

राज्यकर्त्यांना दप्तर असते, मालकांना दप्तर असते. कष्टकऱ्यांना मात्र ते स्वतः राखावे लागते. सभावृत्तांताच्या वह्या, संपनिधीच्या पावत्या, हँडबिले, मोर्च्याची निवेदने, कोर्टातील दाव्यांच्या नकला, तुरुंगातून आलेली पत्रे हे सारे युनियनच्या आणि शाखांच्या कचेऱ्यांत माळ्यावर पडलेले असते. त्याला कसर लागते, वाळवी लागते. एखादा जुना कार्यकर्ता निवर्तला की त्याच्या घरचा गठ्ठा रद्दीत जातो. १९३४ मध्ये काँग्रेस समाजवादी पक्ष स्थापन झाला, १९४८ मध्ये समाजवादी काँग्रेसबाहेर पडले, १९५२ मध्ये प्रजा समाजवादी पक्ष झाला, १९६४ मध्ये संयुक्त समाजवादी पक्ष झाला, १९७७ मध्ये जनता पक्षात विलीनीकरण झाले. प्रत्येक फूट आणि प्रत्येक विलीनीकरण यांत कचेऱ्या हलल्या. कचेरी हलते तेव्हा खुर्च्या मोजून नेल्या जातात. कागद मोजून नेले जात नाहीत.

यावर अलीकडे एक उपाय सर्रास सांगितला जातो : सगळे स्कॅन करा, संगणकात टाका, चिंता मिटली. हा उपाय अर्धाच खरा आहे, आणि अर्धे सत्य मानून चालण्यात मोठा धोका असतो. इंग्लंडमधील एक उदाहरण या संदर्भात बोलके आहे. विल्यम राजाने १०८६ मध्ये आपल्या राज्याची जमीन, गुरे, माणसे यांची पाहणी करवून ‘डूम्सडे बुक’ नावाचे दप्तर तयार करवले. ते चामड्याच्या पानांवर शाईने लिहिलेले आहे आणि आजही वाचता येते. त्याला ९०० वर्षे झाली म्हणून १९८६ मध्ये बीबीसीने नवे ‘डूम्सडे’ तयार केले. शाळाशाळांतील मुलांसह दहा लाखांच्या आसपास लोकांनी आपापल्या गावांची माहिती, छायाचित्रे व नकाशे त्यासाठी दिले. ही सामग्री लेसर-तबकड्यांवर साठवण्यात आली. ती वाचणारे यंत्र खास त्या कामासाठीचे होते. ते यंत्र बाजारात रुजले नाही. सोळा वर्षांत, म्हणजे २००२ च्या सुमारास, त्या तबकड्या वाचता येतील की नाही अशी स्थिती आली आणि विद्यापीठांतील संशोधकांना जुन्या यंत्राची नक्कल नव्या संगणकावर उभी करून ती सामग्री सोडवून घ्यावी लागली. नऊशे वर्षांचे चामडे बोलत होते आणि सोळा वर्षांची तबकडी मुकी होण्याच्या बेतात होती.

याचा अर्थ संगणक टाकाऊ आहे असा नव्हे. अर्थ असा की, साठवणीचे साधन आणि साठवणीचा नमुना, ज्याला ‘फॉरमॅट’ म्हणतात, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दोहोंचा विचार वेगवेगळा केला पाहिजे.

प्रथम साधनांचा विचार. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर लाकडाच्या लगद्यापासून कागद होऊ लागला. त्यात तुरटी व राळ यांची खळ वापरली जाई. हा कागद स्वतःतील आम्लानेच पिवळा पडतो आणि तुकडे होऊन गळतो. वर्तमानपत्राचा कागद यात सर्वांत दुबळा; आणि चळवळीचा बहुतेक मजकूर नेमका त्याच कागदावर छापला गेला. आम्लरहित टिकाऊ कागदासाठी १९९४ पासून ‘आयएसओ ९७०६’ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे; तो कागद कोरड्या जागी शतकानुशतके टिकावा अशी अपेक्षा असते. सूक्ष्मपट, म्हणजे मायक्रोफिल्म, पॉलिएस्टरची असेल व थंड, कोरड्या जागी ठेवली तर दीर्घकाळ टिकते आणि वाचायला एक भिंग व दिवा पुरतो; ॲसिटेटची असेल तर आंबट वास सुटून ती आक्रसते. घरी नोंदवलेली सीडी रंगद्रव्याच्या थरावर अवलंबून असते. कोकणातल्या दमट हवेत तिचा भरवसा धरू नये. हार्ड डिस्क हे फिरते यंत्र आहे. ते कधी तरी बंद पडणारच. मोठ्या संस्था चुंबकीय टेप वापरतात. परंतु २००० साली आलेल्या ‘एलटीओ’ टेपचे यंत्र, पहिल्या सात पिढ्यांपर्यंत, मागील दोनच पिढ्यांची टेप वाचू शकत होते.

तात्पर्य, कायमचे साधन शोधण्यात काळ घालवू नये. साधने बदलत राहणार हे गृहीत धरून दर काही वर्षांनी एका साधनावरून दुसऱ्यावर नक्कल करीत जावे. पोथ्या याच मार्गाने टिकल्या. भूर्जपत्र टिकले म्हणून नव्हे, तर लेखनिक पुनःपुन्हा नकला करीत राहिले म्हणून. मात्र नक्कल केलेली गोष्ट उघडता आली पाहिजे. येथे फॉरमॅटचा प्रश्न सुरू होतो आणि येथेच तो राजकीय होतो.

फॉरमॅट म्हणजे फाइलीतील आकड्यांची लिपी. कोणत्या आकड्याचा अर्थ कोणते अक्षर, कोणता रंग, कोणती ओळ, हे सांगणारा तो नियम आहे. हा नियम छापून सर्वांसमोर ठेवलेला असेल, तर कोणीही तो वाचून फाइल उघडणारी आज्ञावली लिहू शकतो. तो एखाद्या कंपनीने आपल्या तिजोरीत ठेवलेला असेल, तर फाइल कार्यकर्त्याच्या कपाटात असली तरी तिची किल्ली कंपनीच्या खिशात राहते. कंपनीने आवृत्ती बदलली, दर वाढवला, धंदा विकला किंवा दिवाळे काढले की दप्तर बंद. उत्पादनाच्या साधनांची मालकी कुणाची, हा प्रश्न विचारणाऱ्या पक्षाने स्मरणाच्या साधनांची मालकी कुणाची, हाही प्रश्न विचारायला हवा.

मराठीला या बाबतीत एक मोठी ठेच लागलेली आहे. १९९० नंतर छापखान्यांत खिळे जाऊन संगणक आले. त्या वेळी भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ हे राष्ट्रीय मानक १९९१ मध्ये ठरलेले होते. देवनागरीचा समावेश असलेले ‘युनिकोड’ही त्याच वर्षी आले. तरीही मराठी अक्षरजुळणीचा मोठा भाग अनेक वर्षे खासगी फॉन्टांत झाला. प्रत्येक विक्रेत्याची मांडणी निराळी. रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले. कुठे काना, कुठे अर्धा क, कुठे रफार. तो फॉन्ट संगणकात असेपर्यंत मजकूर मराठी दिसतो. फॉन्ट गेला की उरते ती रोमन अक्षरांची व चिन्हांची निरर्थक रांग. अनेक नियतकालिकांचे, पुस्तिकांचे, ठरावांचे त्या काळातील संगणकीय मूळ आज अशा अवस्थेत आहे. शंभर वर्षांपूर्वीची मोडी शिकून वाचता येते. पण तीस वर्षांपूर्वीची फाइल वाचायला बंद पडलेल्या विक्रेत्याचा फॉन्ट शोधत फिरावे लागते. याउलट मोडीला २०१४ मध्ये युनिकोडमध्ये स्वतःचे स्थान मिळाले. खुली लिपी मागाहूनही वाचवता येते. बंद लिपीची गोष्ट तशी नसते.

फॉरमॅट निवडताना म्हणून पाच प्रश्न विचारावेत. त्याचा नियम प्रसिद्ध झालेला आहे काय? तो वापरण्यास कुणाची परवानगी वा शुल्क लागते काय? तो उघडणाऱ्या आज्ञावली एकाहून अधिक, निरनिराळ्या लोकांनी केलेल्या आहेत काय? फाइल स्वयंपूर्ण आहे की बाहेरच्या फॉन्टवर वा दुव्यावर अवलंबून आहे? आणि तिला कुलूप घातलेले आहे काय?

या कसोट्यांना उतरणारे पर्याय आज उपलब्ध आहेत आणि ते फुकट आहेत. निव्वळ मजकुरासाठी युनिकोडमधील साधी मजकूर-फाइल सर्वांत टिकाऊ. तिच्यात बिघडण्यासारखे फारसे काही नसतेच. मांडणीसह संपादन करावयाच्या लेखांसाठी ‘ओपन डॉक्युमेंट’ हा नमुना २००६ पासून आंतरराष्ट्रीय मानक आहे. पानाचे रूप जसेच्या तसे राखण्यासाठी ‘पीडीएफ-ए’ आहे. त्याचे मानक २००५ मध्ये ठरले. साध्या पीडीएफहून त्याचा भेद असा की, लागणारे सर्व फॉन्ट फाइलीतच असावे लागतात आणि सांकेतिक कुलूप घालण्यास मनाई असते. येथेही मराठी कार्यकर्त्याने एक काळजी घ्यावी. खासगी फॉन्टातील मजकुराची पीडीएफ-ए केली, तर पान सुबक दिसेल; पण त्यात ‘खंडकरी’ हा शब्द शोधायला गेले तर सापडणार नाही. २०११ च्या दुसऱ्या भागातील ‘यू’ श्रेणीत प्रत्येक अक्षराची युनिकोडशी सांगड असणे बंधनकारक आहे. मराठीसाठी तीच मागावी. जुन्या कागदांच्या छायाप्रतींसाठी दाब न दिलेली ‘टिफ’ ही मूळ प्रत ठेवावी. ‘जेपेग’ जागा वाचवताना तपशील टाकून देते, म्हणून ती वाटपासाठी ठीक, जतनासाठी नव्हे.

हे खर्चिक आहे, असा आक्षेप येईल. हिशेब करून पाहावा. फुलस्केपहून किंचित लहान असे ए-फोर आकाराचे एक पान इंचाला ३०० ठिपके या प्रमाणात रंगीत घेतले, तर टिफ फाइल सुमारे २६ मेगाबाइटची होते. दहा हजार पाने म्हणजे सुमारे २६० गिगाबाइट. एका जिल्हा शाखेचे बरेचसे दप्तर एक टेराबाइटच्या एका डिस्कवर मावते. अशा तीन डिस्का घ्याव्यात : एक कचेरीत, एक दुसऱ्या कार्यकर्त्याकडे आणि एक दुसऱ्या गावी, कारण आग आणि पूर एका गावात एकाच वेळी येतात. शक्य तर तिसरी प्रत निराळ्या प्रकारच्या साधनावर ठेवावी. प्रत्येक फाइलीचा पडताळणीचा आकडा संगणक काढून देतो. एक अक्षर जरी बदलले तरी तो आकडा बदलतो. या आकड्यांची यादी ठेवून वर्षातून एकदा ताडून पाहावी, म्हणजे मुकाट्याने बिघडलेली फाइल चांगल्या प्रतीवरून दुरुस्त करता येते. जमाखर्चाची तपासणी होते, तशी ही तपासणी व्हावी. आणि स्कॅन झाले म्हणून मूळ कागद रद्दीत घालू नये. छायाप्रत ही साक्ष आहे, मूळ कागद हा पुरावा आहे.

दुसरा आक्षेप अधिक मोहक असतो : मोठ्या कंपन्या आपल्या संगणकांवर जागा देतात, कित्येकदा फुकटही, मग डिस्का कशाला? एक जादा प्रत म्हणून ती जागा वापरण्यास हरकत नाही. पण ती भाडोत्री खोली आहे. खाते एका कार्यकर्त्याच्या नावे असते, परवलीचा शब्द त्याच्या डोक्यात असतो आणि तो पक्ष सोडतो किंवा जग सोडतो. भाड्याच्या खोलीत पाहुणा म्हणून राहावे. पूर्वजांच्या अस्थी तेथे ठेवू नयेत.

तिसरा आक्षेप गंभीर आहे. १९७५ ते १९७७ या आणीबाणीच्या काळात कार्यकर्त्यांच्या घरांवर छापे पडले, कागद जप्त झाले. सर्व काही व्यवस्थित लावून ठेवणे म्हणजे उद्याच्या पोलिसांना तयार यादी देणे नव्हे काय? जिवंत माणसांचे पत्ते, वर्गणीदारांची नावे, साक्षीदारांची निवेदने यांबाबत ही भीती खरी आहे, आणि असे कागद वेगळे काढून किती वर्षे बंद ठेवायचे याचा ठराव कार्यकारिणीने करावा. मात्र जतनाच्या प्रतीला सांकेतिक कुलूप घालणे हा त्यावरचा उपाय नव्हे. पंचवीस वर्षांनी ती किल्ली कुणापाशी असेल? कपाटाला कुलूप असावे, कागदाच्या लिपीला नसावे.

सरकारलाही हीच मागणी केली पाहिजे. माहिती अधिकाराच्या २००५ च्या कायद्याचे चौथे कलम सर्व सार्वजनिक प्राधिकरणांना आपले अभिलेख सूचीबद्ध व संगणकीकृत ठेवण्यास सांगते. केंद्र सरकारने २०१० मध्ये ई-प्रशासनासाठी खुल्या मानकांचे धोरणही स्वीकारले. सातबारा, हजेरीपट आणि ग्रामसभेचे ठराव खुल्या नमुन्यात व युनिकोडमध्येच ठेवले जावेत, हा आग्रह तहसील कचेरीच्या दारापर्यंत नेण्याचा विषय आहे.

समाजवादी परंपरेला हे काम अपरिचित नाही. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला, तेव्हा जर्मन सामाजिक लोकशाही पक्षाने आपले दप्तर, त्यात मार्क्स व एंगल्स यांचे कागद, देशाबाहेर काढले. ॲमस्टरडॅम येथे १९३५ मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय सामाजिक इतिहास संस्थेने ते १९३८ मध्ये विकत घेतले आणि महायुद्धापूर्वी इंग्लंडला हलवले. १९४० मध्ये जर्मन फौजा हॉलंडमध्ये शिरल्या, संस्था बंद झाली, मागे राहिलेले संग्रह वाहून नेले गेले. पण ते कागद वाचले. त्या संस्थेत कम्युनिस्ट जाहीरनाम्याच्या हस्तलिखित मसुद्याचे एक पान आहे. एकच. बाकीचा मसुदा काळाने नेला. जाहीरनामा मात्र हरवला नाही. कारण १८४८ मध्ये तो लंडनमध्ये छापला गेला, प्रती गावोगाव गेल्या, भाषांतरे झाली आणि वाचता येणाऱ्या प्रत्येकाच्या हाती त्याची किल्ली होती.

तालुका शाखेच्या सभावृत्तांताच्या वहीची मात्र जगात एकच प्रत असते. तिच्यात कुणी कोणत्या गावी पाण्याच्या टाकीसाठी उपोषण केले, कोणत्या मजुराच्या मजुरीसाठी कुणी तुरुंगवास पत्करला, हे लिहिलेले असते. अन्यत्र ते कुठेच नसते. प्रत्येक शाखेने येत्या बैठकीत एका कार्यकर्त्याची दप्तरदार म्हणून नेमणूक करावी, माळ्यावरचे गठ्ठे खाली उतरवावेत आणि पहिल्या वहीपासून आरंभ करावा. पावसाळ्यापूर्वी करावा, हे अधिक बरे.